येळवशीची बाटली

उद्धवरावांनी गाडीतून उतरल्या उतरल्या आधी वहिनीचा मान काढून घेतला, आणि मग पायांतले बूट काढले.

"वैनी, औंदा आंबील करू नका."

सुशीलाबाई ताकाची घागर उतरवत होती. तिला वाटलं, दीर थट्टा करायलेत. दुसऱ्या दिवशी येळवस. मार्गशीर्षातल्या या अमावस्येला ठाणाकुशनूर गाव दिवसभर ओस पडायचं. माणसं आपापल्या वावरात जायची, कडब्याच्या खोपीत पाच दगडांचे पांडव मांडायची, शेंगा-पालेभाज्या एकत्र शिजवलेली भज्जी आणि भाकरी खायची आणि आंबील प्यायची. वाटेनं जाणाऱ्यालाही हाक मारून बसवायचं आणि कुणाला तहानेलं परत धाडायचं नाही, अशी रीत. ताकात ज्वारीचं पीठ कालवून, लसूण-जिरं लावून सुशीलाबाईनं मातीच्या बिंदगीत आंबवलेली आंबील अशी की शेजारच्या वावरातली सिद्धव्वा घरची आंबील झाकून ठेवी आणि रिकामा तांब्या घेऊन बांध ओलांडून येई. सुशीलाबाईजवळ मिरवायला दुसरं काही नव्हतं. दागिने सासूच्या अंगावर होते आणि पाटीलकी नवऱ्याच्या पागोट्यात होती.

"कामून?" तिनं विचारलं.

"उद्या माझे मालक यायलेत, सिकंदराबादचे सोराबशेट. त्यांच्यापुढं गड्यांची आंबील ठेवायची का? ही ठेवायची." उद्धवरावांनी टोपलीतलं गवत बाजूला केलं. आत हिरव्या काचेच्या तीन बाटल्या तान्ह्या लेकरांसारख्या निजल्या होत्या. "इटलीची पांढरी दारू. तिकडं लोक जेवणासंगं पाण्यासारखी पितात. अन् फ्रान्सवालीच्या पाव किमतीत! शेट म्हणतात, बिदर-गुलबर्ग्याच्या कचेरीवाल्यांना परवडंल. फक्त आपल्या जेवणासंगं जुळती का, ते दाखवायचं. जुळली की ह्या मुलखाची एजंटी माझी."

"दाखवा की. माझ्या आंबिलीनं काय तिची वाट अडवली?"

"एका जेवणात दोन कशाला? आणखी एक, भज्जीत मिरची, चिंच, लसूण घालू नका. तिखटानं तिची चव मरती."

"म्हंजे ती जगावी म्हणून आमी आळणी खायचं व्हय?"

जेवणाला जुळणारी दारू आणतो म्हणून निघालेला माणूस दारूला जुळणारं जेवण मागत होता, आणि यात काही उलटं झालंय हे त्याच्या गावीही नव्हतं. अंकुशराव ओसरीवर बसून भावाच्या बोलण्याला मान हलवत होते आणि बायकोच्या बोलण्यालाही. घरात शांतता राखायची त्यांची तेवढीच युक्ती.

"तुमी काय म्हणता?" सुशीलाबाईनं नवऱ्याला विचारलं.

"दोगांचंबी बरोबर हाय," अंकुशराव म्हणाले.

शेवटी उद्धवरावांनीच तोड काढली. "वावरात शिंपायला लागती म्हणून देवापुरती करा. लहान गाडग्यात."

"देवाला चालती अन् शेटला न्हाई! लय मोठा देव आणलाव भावजी."

पण ते आईकडे वळले होते. "आई, ह्या बाटल्या थंड राहायला पायजेत. आंबील ठेवतीस तशा ठेव."

"ठेवते बाळा," राजूबाई म्हणाली. शहरातून आलेल्या धाकट्या लेकाचं कुठलंही काम म्हातारीला सणासारखं वाटे.

सकाळी भज्जी शिजताना सुशीलाबाईचा हात मिरच्यांच्या पाटीत नेहमीपेक्षा खोल गेला. मीठ-तिखटाच्या बाबतीत तरी चुलीवर अजून तिचंच राज्य होतं.

उन्हं चढल्यावर सोराबशेट औरादपर्यंत मोटारीनं आणि पुढं बैलगाडीनं आले. वजनदार, हसरा माणूस. घोंगडीवर ऐसपैस बसले. पूजा झाली, अंकुशरावांनी उभ्या ज्वारीत आंबील शिंपडली आणि पंगत बसली. सिद्धव्वा तांब्या घेऊन आली, तर गाडगं केवढंसं!

"अक्का, औंदा एवढीच?" तिनं विचारलं.

"आमच्या भावजींला इचार," सुशीलाबाई सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली.

शेटनी भज्जीचा पहिला घास घेतला आणि मान डोलावली. दुसऱ्याला डोळे पुसले. चौथ्याला नाकाचा शेंडा लाल झाला. "क्या चीज़ है! उद्धव, बॉटल लाओ, जल्दी!"

राजूबाई मोठी बिंदगी घेऊन हजर झाली. ओल्या फडक्यात गुंडाळलेली, गार. तिनं शेटच्या पेल्यात ओतलं ते दाट, मातकट आणि गुठळ्यांचं होतं. वर लसणाचा तुकडा तरंगत होता. शेटनी घोट घेतला आणि तो बांधाच्या पलीकडं थुंकला.

"ये क्या है?"

"तुमचीच की, शेट," राजूबाई कौतुकानं म्हणाली. "पण लय पातळ झालती बघा, अन् आंबट. वाटंत पाणी शिरलं आसंल. बुचं रवीच्या दांड्यानं आत लोटली, सगळी बिंदगीत वतली अन् ताक-पीठ लावून सारखी केली."

"आई!" उद्धवराव ओरडले. "तिन्ही?"

"तूच म्हणलास न्हवं, आंबिलीवाणी ठेव म्हणून?"

शेटचा घसा पेटला होता. ते हातानं वारा घेत होते. उद्धवराव हळूच वहिनीकडं सरकले. "वैनी, ते गाडगं द्या की शेटला."

"त्यात काय हाय, भावजी?"

"आता हे काय..."

"नाव घ्या की. गडी ऐकायलेत, सिद्धव्वा ऐकायलीय."

"आंबील," उद्धवराव पुटपुटले.

"गड्यांची न्हवं? काल तसंच म्हणलाव."

उत्तराची वाट न पाहता तिनं शेटचा पेला भरला. रागाच्या पायी पाहुण्याला जाळणारी ती नव्हती. शेट एका दमात प्याले. दुसरा पेला प्याले. तिसरा हळूहळू, भज्जीच्या घासासंगं.

"ये पड़ता कितने को?" त्यांनी विचारलं.

"शेट, आमच्या घरची पिढीजात चीज हाय," उद्धवराव चटकन पुढं झाले. "मी तर कालपासून म्हणायलो, येळवशीला आंबीलच..."

सुशीलाबाईच्या हातातली पळी थांबली. मान काढून घेतला तो घेतला, आता स्वतःच्या डोक्यावर बांधूनही घेतला!

"कवा म्हणलाव?" तिनं विचारलं. "कुठल्या तोंडानं?" मग शेटकडं वळून पदर सावरत म्हणाली, "आज वावरात किंमत करत न्हाईत, शेट. प्या."

तिनं सिद्धव्वाचा तांब्या काठोकाठ भरला. उद्धवरावांनी आपला पेला पुढं केला. त्यांनाही मिरची लागली होती.

सुशीलाबाईनं गाडगं झाकलं आणि मोठी बिंदगी उचलली. "तुमची ही. जेवणासंगं जुळती का, ते शेटला दाखवायचं हाय न्हवं?"

सोराबशेट धंदेवाला माणूस. त्यांनी मांडी बदलली आणि निवांत टेकून बसले. "हां उद्धव, पीओ. देखते हैं."

पेला भरला. गडी हात थांबवून बघू लागले. अंकुशरावांनीही या वेळी मान हलवली नाही, नुसते बघत राहिले. राजूबाई लेकाच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "पी बाळा. तुझ्यासाठीच दाट केलीय."