गुरुवारचं औषध

डॉक्टर पद्मजाबाईंनी राजाबाईची छाती तपासली आणि सांगितलं, "काळजात काही दोष नाही. ही धडधड भीतीची आहे." गोळ्यांऐवजी त्यांनी चिठ्ठी लिहून दिली. शहागंजात भामाबाईंकडं दर गुरुवारी बायका गोधड्या शिवायला जमतात, तिथं जायचं. "एकट्या घरात बसू नका. हेच औषध समजा."

राजाबाईचं माहेर-सासर मेंढरांमागचं. नवरा सूर्यभान चिकलठाण्याच्या कारखान्यात लागला, तशी दोन वर्षांपूर्वी ती शहरात आली. दारावर थाप पडली की तिचे हातपाय गार पडत. का, ते तिनं डॉक्टरीणबाईंना सांगितलं नव्हतं.

गुरुवारी ती भीत भीत गेली. खोलीत सात-आठ बायका होत्या. भामाबाईंनी हातात सुई दिली, नाव विचारलं. नाव ऐकताच समोरच्या बाईनं मान वर केली. राजाबाईनं तिला लगेच ओळखलं. ती पारूबाई होती, तिच्याच गावची, बौद्धवाड्यातली.

राजाबाई शहरात यायच्या आधी विद्यापीठाच्या नामांतरावरून गावात जाळपोळ झाली ती भर दुपारी. घरं पेटली तेव्हा लेकीला घेऊन पळत आलेल्या पारूबाईनं राजाबाईचंच दार बडवलं होतं. "राजाबाई, दार उघड गं!" सूर्यभाननं खुणेनंच नको म्हटलं. राजाबाई कडीवर हात ठेवून उभी राहिली. कडी काढली नाही.

आता खोलीतून पळून जावं वाटलं.

"राजाबाई," पारूबाई हळूच म्हणाली, "त्या दिशी घरात व्हतीस का?"

नाय म्हणणं सोपं होतं. जीभ तिकडंच वळत होती.

"व्हते. कडीवर हात व्हता माझा. लई भ्याले."

सगळ्यांचे हात थांबले.

"मी लेकीला सांगत आले, घरात कुणी नसंल म्हणून," पारूबाई म्हणाली, आणि खाली बघून टाके घालू लागली.

आठवडाभर राजाबाईला पुढच्या गुरुवारची धास्ती होती. बायका तोंडावर थुंकल्या तर? सूर्यभान म्हणाला, "जाऊच नको तिकडं." पण घरात बसणं त्याहून अवघड होतं.

ती गेली. पारूबाई आली होती. बोलली नाही, पण उठूनही गेली नाही. एकाच गोधडीच्या दोन टोकांना दोघी बसल्या. राजाबाई आपल्या टोकाकडून पारूबाईच्या दिशेनं टाके घालत राहिली.