मिझ्वेदच्या पट्टीत

हल्क अल-वादीच्या बंदरामागे मासळी साठवायचं एक जुनं शीतगृह होतं. बर्फाचा धंदा बसला, मालक फ्रान्सला गेला आणि नौफेलने ती जागा भाड्याने घेऊन तिथे स्टुडिओ थाटला. त्याला भुरळ पडली होती भिंतींची. बुचाचे हातभर जाड थर होते त्यांना. बाहेर बोटीचा भोंगा वाजला तरी आत चाहूल लागत नसे. फक्त उन्हाळा चढला की त्या भिंतींतून अजूनही तारल्यांचा वास सुटायचा, आणि त्या वासामागे आलेली सुलताना नावाची मांजर हाकलली तरी जात नव्हती.

हेंदा त्या सकाळी स्टेशनपासून जवळजवळ धावतच आली. पाठीवर ऊद हे तिचं तंतुवाद्य, हातात पावाची पिशवी. तिच्या पहिल्या अल्बमची आठही गाणी रेकॉर्ड झाली होती. ऊद झाला होता, नौफेलची बेस गिटार झाली होती, वजदीच्या दरबुक्याचा ठेका झाला होता, तिचा आवाज झाला होता. सगळं वेगवेगळं, कानाला हेडफोन लावून, एकेक ओळ पुन्हा पुन्हा घासून. राहिला होता तो फक्त मिझ्वेद.

आणि मिझ्वेदसाठीच तर तिने हा सगळा खटाटोप मांडला होता. फार्मसीच्या काउंटरवर उभी राहून औषधं देता देता तिला गाणी सुचायची, आणि सुचतानाच त्यांच्यात मिझ्वेद वाजायचा. बकरीच्या कातड्याची फुगवलेली पिशवी, तिला वेळूच्या दोन नळ्या, नळ्यांच्या टोकाला गाईची शिंगं. पिशवी काखेत दाबायची आणि नळ्यांवर बोटं नाचवायची. शिष्ट माणसं त्याच्या नावाने नाकं मुरडतात आणि लग्नात तो वाजला की तीच आधी नाचायला उठतात. एका मोठ्या कंपनीने तिला सांगितलं होतं, "गाणी गोड आहेत, तेवढी ती लग्नातली पिपाणी काढा." हेंदाने पिपाणी ठेवली आणि कंपनी सोडली.

वाजवायला मेल्लासीन वस्तीतले सी लझर आले होते. साठी उलटलेले, मिशांना ताजा कलप, अंगात लग्नसराईतला जांभळा कोट.

"सी लझर, इथे कोण बघणार आहे तुम्हाला?" वजदीने डिवचलं. तो दरबुकेवाला. त्याचं काम संपलं होतं. उद्या सकाळच्या बोटीने तो वर्षभरासाठी मार्सेयला निघाला होता, म्हणून सामान घेऊनच नुसता निरोप घ्यायला आला होता.

"बघत नसतील, पण ऐकतील ना? चुरगळलेला कोट ऐकू येतो, पोरा."

त्यांनी पिशवीला बाहेरून ऑलिव्हचं तेल चोळलं, कातडं मऊ झालं, मिझ्वेद अलगद खुर्चीवर ठेवला आणि सगळे कॉफी प्यायला दारापाशी गेले. तेवढ्यात आतून काहीतरी धाडकन पडलं.

धावत जाऊन बघतात तर खुर्ची आडवी, सुलताना टेबलाखाली, तिच्या दातांत तेलकट कातड्याचा तुकडा. पिशवीला तीन बोटं मावतील एवढं भोक. ते शिवता आलं असतं, पण खाली पडून एक नळी उभी चिरली होती.

"या लतीफ, देवा रे!" सी लझर मटकन जमिनीवरच बसले. "या नळ्या माझ्या उस्तादाने कापलेल्या. आता अशी जोडी जमवायची म्हणजे उन्हाळा संपेल."

हेंदाच्या तोंडचं पाणी पळालं. "दुसरा मिझ्वेद नाही तुमच्याकडे?"

"आहे घरी. पण तो मोठा आहे. त्याचा आवाज खाली आहे."

"किती खाली?"

"वाजवल्याशिवाय कसं सांगू?"

त्यांनी घरी फोन केला आणि त्यांची बायको, लल्ला मब्रूका, ट्रेनने तो घेऊन आली. बाजाराच्या टोपलीत टॉवेलमध्ये गुंडाळलेला मिझ्वेद, त्याच्यावर ट्यूना, अंडी आणि हरीसाची तिखट चटणी भरलेल्या पावांचा ढीग. आल्या आल्या तिने नवऱ्याला आपादमस्तक न्याहाळलं.

"मांजरीपासून एक पिशवी राखता आली नाही. आणि म्हणे कलाकार!"

"अगं, चारचौघांत तरी..."

"चारचौघांतच बोलते. घरी ऐकता कुठे तुम्ही?"

सी लझरनी पिशवी फुगवली, हेडफोन चढवले. नौफेलने पहिलं गाणं लावलं. मिझ्वेद सुरू झाला मात्र, सगळ्यांचे चेहरे लिंबू चावल्यासारखे झाले. हेंदाने गाणं काळी चार पट्टीत गायलं होतं. हा मिझ्वेद तिथून दोन-तीन पायऱ्या खाली होता, आणि तिथेही ना काळीत होता ना पांढरीत. दोहोंच्या मध्ये कुठेतरी पाय पसरून बसला होता.

"एकाच गल्लीत दोन लग्नं निघाल्यासारखं वाटतंय," वजदी म्हणाला.

नौफेल सहजासहजी हरणारा नव्हता. माणूस मोजूनमापून बोलणारा, मोजूनमापून हसणारा. त्याने कॉम्प्युटरवर बाकीची सगळी रेकॉर्डिंग्ज त्या सुरापर्यंत खाली ओढली. मिझ्वेदशी जुळली खरी, पण हेंदाचा आवाज भरपेट जेवलेल्या काझीसारखा यायला लागला.

"हेंदा, मिशी फुटली तुला," वजदी म्हणाला, आणि इतक्या सगळ्या रडारडीत हेंदालाही हसू फुटलं.

मग नौफेलने कीबोर्डवर मिझ्वेदची नक्कल काढून दाखवली. सी लझरनी अर्धा मिनिट ऐकली.

"यातून बकरीचा नाही, फ्रिजचा आवाज येतोय."

"मग काढून टाकू या मिझ्वेद," नौफेल शांतपणे म्हणाला. "वाईट वाटून घेऊ नकोस, हेंदा. अल्बम त्याच्याविनाही उभा आहे. स्वच्छ आहे. कुठे डाग नाही."

 हेंदाला ती गाणी पाठ होती, आणि नौफेल म्हणत होता ते खरंही होतं. स्वच्छ होती ती. फार्मसीतल्या काचेच्या कपाटासारखी. ती ऊद मांडीवर घेऊन बसून राहिली. समोर सी लझर ओशाळवाणे होऊन उगाच एकच सूर फुंकत होते. तिचे हात आपसूक खुंटीवर गेले. तार जराशी सैल केली. आणखी जराशी. तार त्या सुराला टेकली तशी उदाची लाकडी पोकळी तिच्या पोटाशी घुमली, पूर्वी कधी घुमली नव्हती तशी.

"सी लझर, तो सूर सोडू नका. धरून ठेवा."

"काय करतेयस?" नौफेलने विचारलं.

"तारा उतरवतेय. तूही उतरव. मिझ्वेद आपल्याकडे येत नसेल तर आपण त्याच्याकडे जाऊ."

"आणि आजवरचं काम?"

"आहे तिथे असू दे. आपण सगळे मिळून पुन्हा वाजवू. एकदम. एका खोलीत."

"आठ गाणी? आज? हा उद्या बोटीत असेल!" नौफेलने वजदीकडे बोट दाखवलं.

"म्हणून तर आज."

वजदीचा दरबुका आधीच पिशवीतून बाहेर आला होता.

नौफेल हात जोडायचाच काय तो बाकी राहिला. "अगं, सगळ्यांचे आवाज एकमेकांच्या माईकमध्ये शिरतील. मागाहून एक चूकसुद्धा वेचून काढता येणार नाही."

लल्ला मब्रूका कोपऱ्यात पाव वाटत होती. तिथूनच म्हणाली, "मसुरात एखादा खडा राहिला म्हणून कोणी उपाशी झोपतं का रे बाळा?"

 नौफेलने गिटार उचलली. पण तो वाजवायला लागला तर यंत्रावर लक्ष कोण ठेवणार? शेवटी लल्ला मब्रूकाला खुर्चीत बसवलं आणि सांगितलं, "हा लाल दिवा विझला की हात वर करायचा. आणि काहीही झालं तरी तोंडातून आवाज काढायचा नाही. हुंकारसुद्धा नाही."

"लग्नातली गाणी ऐकायची आणि गप्प बसायचं? ही कुठली शिक्षा?" ती म्हणाली, पण ओढणीचं टोक दातांत धरून बसली.

पहिला प्रयत्न फसला. मिझ्वेदने सगळ्यांना गिळून टाकलं. सी लझरना पार दाराजवळ, खांबाआड उभं केलं.

"हे लग्नाच्या दिवशीच करायला हवं होतं," लल्ला मब्रूका पुटपुटली.

दुसऱ्या वेळी वजदीने ठेका धरला, बेस त्याच्या खाली सरकली, आणि मिझ्वेद आला. हेडफोनमधून नाही. हवेतून, जमिनीतून, हेंदाच्या तळपायांतून आला. तिने तोंड उघडलं आणि तिला कळलं की आता मागे फिरायची सोय नाही. चुकली तर चुकली. आजवर ती प्रत्येक शब्दावर पाय जपून ठेवत गायली होती. आता पाय ठेवायला वेळच नव्हता. ठेका पळत होता, तिला पळायलाच हवं होतं. वजदी तिच्याकडे बघून भुवया उडवत होता, म्हणजे आणखी जलद. ती मान हलवत होती, म्हणजे चल! दोन ओळींच्या मध्ये सी लझर श्वास भरायचे, तो श्वासही ऐकू यायचा. गाणं संपलं. सगळ्यांनी खुर्चीकडे पाहिलं. लाल दिवा पेटलेला होता. लल्ला मब्रूकाचे डोळे बटाट्याएवढे झाले होते, ओढणी तोंडात.

"थांबू नका," हेंदा धापा टाकत म्हणाली. "पुढचं घ्या. तापलेलं आहे तोवर घ्या."

दुसरं झालं. तिसरं झालं. सी लझरच्या मिशांचा कलप घामाबरोबर ओघळून कॉलरवर उतरला, त्यांना पत्ता नव्हता. चौथं फार्मसीतल्या रांगेचं गाणं, ज्यात प्रत्येक गिऱ्हाइकाला औषध सोडून बाकी सगळं हवं असतं. शेवटच्या कडव्यात वजदीने असा काही उलटा ठेका मारला, आणि सी लझरनी तो असा काही वरच्यावर झेलला, की खोलीत कुणीतरी "हाऽऽय!" म्हणून गळा काढून ओरडलं.

गाणं संपल्यावर सगळे लल्ला मब्रूकाकडे वळले.

"मी नाही हं!" तिने ओढणी तोंडातून काढून फडकवली. "हा! हा ओरडला! मला शिक्षा सांगून स्वतः बोंबलला!"

नौफेल कानापर्यंत लाल झाला होता. "नकळत निघालं," तो म्हणाला. "पुन्हा घेऊ."

"हात लावशील तर बघ," हेंदा म्हणाली.

अडलं ते तराफ्याच्या गाण्याशी. कालव्याच्या पलीकडे रादेसच्या काठाला निघालेल्या तराफ्यावरची बाई अलीकडच्या काठावर राहिलेल्या माणसाशी बोलते, असं ते गाणं. हेंदा ते नेहमी कुजबुजल्यासारखं, खालच्या सुरांत गायची. आता पट्टी उतरली तशी त्याची पहिलीच ओळ इतकी खोल गेली की घशातून नुसती हवाच निघाली. दोनदा प्रयत्न केला, दोनदा थांबली.

"राहू दे हे," नौफेल म्हणाला. "सात होतील."

"वरून गाते."

"वरून? तिथे आवाज फाटेल तुझा."

हेंदाने पाण्याचा घोट घेतला. वजदीकडे पाहिलं. तो बोटांच्या टोकांनी दरबुक्याची कड नुसती कुरवाळत बसला होता. त्याची बॅग दाराशी होती, तिच्यावर बोटीच्या तिकिटाचं पाकीट. कालव्यापलीकडे उभ्या असलेल्या माणसाशी कुणी कुजबुजतं का? हाक मारावी लागते.

"फाटू दे," ती म्हणाली.

आणि तिने हाक मारली. वरच्या सुरावर आवाज खरंच चिरला, पण तुटला नाही. त्या चिरेतून तो आणखी पुढे गेला. सी लझरनी मिझ्वेद तिच्या मागोमाग नेला, तिच्या खाली, तिला धरून. वजदी मान खाली घालून वाजवत राहिला. ते गाणं दुसऱ्यांदा घ्यायचं कुणी नावसुद्धा काढलं नाही.

दोन गाणी मात्र नाहीच जमली. एकात सी लझर भलत्याच वळणावर गेले, दुसरं सगळ्यांनाच थकल्यामुळे रेटेना. हेंदाने ती सोडून दिली. सहा गाण्यांचा अल्बम हिवाळ्यात निघाला. तोवर वजदी मार्सेयच्या एका हॉटेलात वाजवत होता. पहिल्या आठवड्यातच त्याचा फोन आला, की स्वयंपाकघरातली सगळी पोरं भांडी घासताना फार्मसीचं गाणं म्हणतायत, आणि नौफेलच्या ओरड्यावर तर भांड्यांसकट ओरडतायत.

पण ते पुढचं. त्या दुपारी नौफेलने सहाही गाणी एकदा ओळीने लावली. कुणी खुर्चीत बसलं नाही, सगळी उभ्याउभ्याच ऐकत होती. पाचव्याला सी लझर आणि लल्ला मब्रूका यांचं कुठलं गाणं सर्वांत चांगलं यावरून जुंपली. ती म्हणे तराफा, ते म्हणत ज्यात मी जास्त वाजवतो ते. नौफेल हिशेबीपणा विसरून प्रत्येकाच्या पाठीवर थापा मारत सुटला होता.

"आणखी एकदा लावू?" त्याने विचारलं.

"बाहेर चला," हेंदा म्हणाली. तिचा घसा पार बसला होता, शब्द कसेबसे निघत होते. "मला इथे श्वास मावत नाहीये."

दार उघडलं तर कालव्यावर अजून लख्ख ऊन होतं. धक्क्यावर कोळी जाळी झटकत होते. सी लझरनी कुणाला न विचारता पिशवी फुगवली. वजदीने दरबुका कमरेला लावला. पहिला सूर पाण्यावरून गेला तसे कोळ्यांनी जाळ्यांतून डोकी वर काढली, आणि लल्ला मब्रूकाने सकाळपासून दातांत दाबून ठेवलेली सगळी सगळी उलूल, लग्नात बायका देतात ती लांब किलकारी, एका दमात बंदरावर सोडून दिली. हेंदाला गाता येत नव्हतं. ती टाळ्या वाजवत, हसत, धक्क्यावरच्या ओल्या फरशीवर गोल गोल फिरत राहिली.