रिक्षातला माणूस

बडनेऱ्याला गाडीत बसल्यापासून खुशालरावांनी पोरीकडून तीनदा घोकून घेतलं होतं. नाव, शिक्षण, नोकरी, आणि मग तो एक प्रश्न, ज्यापायी त्यांचा जीव टांगणीला लागला होता.

"वडिलांचा व्यवसाय?"

"फुलशेती," पौर्णिमा म्हणाली.

"बस. याच्यापुढं एक अक्षर नाई."

अकोल्यात समाजाचा उपवर-वधू परिचय मेळावा होता. पोरापोरींनी स्टेजवर यायचं, माइकवर आपली माहिती सांगायची आणि खाली बसलेल्यांनी छापील पुस्तिकेत पेनानं खुणा करायच्या, अशी ती सोय. भाजी निवडावी तशी माणसं निवडतात, पण निदान उजेडात निवडतात. फुलशेती काही खोटी नव्हती. अमरावतीच्या कडेला दीड एकरात शेवंती आणि झेंडू होता. पण तो अलीकडचा. त्याआधी बावीस वर्षं खुशालरावांनी अमरावतीत सायकल रिक्षा ओढली होती. थोरल्या मुलीचं, मंजुषाचं ठरत आलेलं स्थळ याच गोष्टीवरून परत गेलं होतं. आता पौर्णिमाचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, होईपर्यंत ही गोष्ट तोंडातून काढायची नाही, असा त्यांचा घरात हुकूम होता.

"लाज कायची बाबा? चोरी केली का तुमी?"

"तुले काय मालूम. बावीस वर्सात मले कोनी नावानं हाक नाई मारली. 'ए रिक्षा, चलते का?' मानसाले गाडीचं नाव. अवं, बैलाले तरी सर्जा म्हनतात."

पौर्णिमा कॉलेजच्या ग्रंथालयात कामाला होती. पुस्तकांवरची धूळ झटकायची आणि झटकता झटकता वाचत बसायची, ही तिची खोड.

"बाबा, रिक्षा शब्द कुठला आहे, मालूम आहे?"

"कुठला म्हंजे? आपलाच."

"जपानचा. पूर्ण शब्द जिनरिकीशा. शा म्हंजे गाडी. रिकी म्हंजे बळ. अन् जिन म्हंजे माणूस. माणसाच्या बळानं चालते ते गाडी. लोकायनं बोलता बोलता जिन गाळला, अन् रिक्षा तेवढी राह्यली."

खुशालरावांनी पिशवी मांडीवरून खाली ठेवली. "पुन्हा सांग."

तिनं पुन्हा सांगितलं.

"पयले मानूस?"

"पयले माणूस."

मूर्तिजापूर आलं आणि गेलं, चहावाला दोनदा ओरडून गेला, खुशालरावांना पत्ताच नव्हता. त्यांना अमरावतीतले रिक्षाचे दिवस आठवत होते. राजकमलच्या पुलाचा चढ लागला की सवारी तशीच बसून राहायची आणि ते खाली उतरून मान वाकवून ओढायचे. ही गाडी कशानं चालते, हे जगात आपल्या एकट्यालाच ठाऊक आहे असं तेव्हा त्यांना वाटायचं. आणि समुद्रापलीकडच्या, कधी नकाशातही न पाहिलेल्या मुलखात कुणीतरी ते आधीच ओळखलं होतं. नुसतं ओळखलं नव्हतं, नाव ठेवताना सगळ्यात पुढं मांडलं होतं. ज्यानं ज्यानं हाक मारली, त्यानं स्वतःला ठाऊक नसताना त्यांच्या बळालाच हाक मारली होती. हे एवढं मोठं त्यांच्या डोक्यात मावेना. बोरगावपर्यंत ते तोंडातल्या तोंडात तो शब्द म्हणत होते आणि पौर्णिमा दुसरीकडे बघून हसत होती.

मेळाव्यात तिचा नंबर दुपारी आला. ती नीट बोलली. वडिलांचा व्यवसाय आला तेव्हा तिनं शब्द पाळला आणि फुलशेती म्हणून थांबली.

"पालक आले असतील तर उभे राहा," सूत्रसंचालक म्हणाले.

उभं राहायचं, हात जोडायचे आणि बसायचं, एवढंच काम होतं. खुशालराव उभे राहिले, हात जोडले, पण बसले नाहीत. कुणीतरी सवयीनं त्यांच्या हातात माइक दिला.

"फुलशेती त खरीच हाय," ते म्हणाले. "पन त्याच्या आंधी बावीस वर्स म्या सायकल रिक्षा ओढली. त्या शब्दात पयले मानूस हाय, मंग बळ, मंग गाडी. मले आज सकाळीच कळलं. म्हून सांगून रायलो."

सूत्रसंचालकांनी धन्यवाद म्हणून पुढचं नाव पुकारलं. खुशालराव खाली बसले. मंजुषाच्या वेळी दुसऱ्यांनी मोडलं होतं, या वेळी आपण स्वतःच्या हातानं मोडलं, असं त्यांना वाटलं. पौर्णिमा शेजारी येऊन बसली. त्यांच्या हातातून माइक काढून तिनं पुढं दिला. तो अजून त्यांनी मुठीत धरून ठेवला होता.

जेवणाच्या वेळी त्यांच्याजवळ कुणी फिरकलं नाही. बाकी टेबलांवर पत्ते आणि फोन नंबर फिरत होते. ताटातला भात निवून गेला तेव्हा एक म्हातारी आली, नातवाला दंडाला धरून. मैनाबाई तिचं नाव, इथलीच, अकोल्याची. तिनं पुस्तिका उघडून नातवाच्या फोटोवर बोट ठेवलं.

"हा माहा सागर. याच्या घरची माहिती लिवताना आज्याचा धंदा आमी 'वाहतूक' लिवला. सायकल रिक्षाच होती, या टेशनवर."

"आजी, हळू," सागर म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते.

"हळूच बोलत आली आजवर," मैनाबाई म्हणाली आणि पौर्णिमाकडे वळली. "माय, तो शब्द याले सांग."

पौर्णिमानं सांगितला, सकाळी वडिलांना सांगितला तसाच, एकेक तुकडा सुटा करून. सागर मान खाली घालून ऐकत होता. ऐकून झाल्यावर तो आजीला म्हणाला, "आजा टेशनावर कोन्या बाजूनं उभा राहे?"

मैनाबाईनं आधी खुर्ची ओढून घेतली. नवरा जाऊन एकोणीस वर्षं झाली होती, आणि त्याच्याबद्दल घरातल्या कुणी काही विचारण्याची ही पहिलीच वेळ होती.