सोडल्याचा एक गुण

मी एक जुना रिमोट आहे. टीव्हीचा नव्हे, खेळाचा. मुठीत मावेन एवढा, आणि तर्जनीखाली एक मोठं बटण. सध्या भूतानात, थिंफूतल्या एका रुग्णालयात, व्यायामाच्या खोलीतल्या लोखंडी कपाटात, विटक्या चेंडूंच्या खाली माझा मुक्काम आहे. कपाटाची किल्ली नेमकी कोणाकडे असते यावर दोन विभागांचं अजून एकमत झालेलं नाही, म्हणून बोलायला सवड भरपूर आहे.

मित्रांनो, मला घडवलं होतं मुलांसाठी. पण दान आलेल्या एका खोक्यातून मी इथे पोचलो आणि मोठ्यांच्या हाती पडलो. पक्षाघाताने ज्यांचा हात लुळा झाला, त्यांनी मला धरायचं, हात उचलायचा, पडद्यावरच्या फुग्यावर नेम धरायचा आणि बटण दाबायचं. फुगा फुटला की मी मुठीत थरथरायचो आणि टीव्हीतून टाळ्या पडायच्या, "शाबास, शाबास!" एक फुटला तरी शाबास आणि शंभर फुटले तरी शाबास. अशा टाळ्यांतून माणसं चांगली कळतात. काही जण स्वतःच्या गुणांआधी शेजाऱ्याचे गुण बघत. काही जण देकीची पाठ वळली की मला हळूच चांगल्या हातात घेत. देकी म्हणजे आमची व्यायाम शिकवणारी मुलगी. तिला सगळं दिसायचं, पण ती हसून सोडून द्यायची.

एका वर्षी अप निदुप आले. इकडे वडीलधाऱ्या पुरुषाला अप म्हणतात आणि बाईला आउम. अप निदुप पारोकडच्या एका गावचे तिरंदाज. तीस वर्षं गावाच्या संघात पहिला बाण त्यांचा. आता उजवा हात मांडीवर ठेवला तर मांडीवरच राहायचा. नववर्षाच्या सामन्याला सात महिने होते, आणि त्यांनी पहिल्याच दिवशी देकीला विचारलं की तोपर्यंत धनुष्य ओढता येईल ना. तिने मला त्यांच्या हातात दिलं आणि वरून पट्टा बांधला.

पहिला आठवडा शून्य. मग तीन फुगे, मग एक्केचाळीस, दुसऱ्या महिन्यात दोनशे दहा. त्यांच्या पत्नी, आउम चोकी, वाळलेल्या चीजचे तुकडे खोलीभर वाटायच्या आणि प्रत्येकाला आकडा सांगायच्या. मीही फुशारलो होतो. देकी मात्र रोज एकच सांगायची, "अप, दाबणं पुरे. आता बोटं उघडायची. टेबलावर तळवा पसरा." पण तळवा पसरण्याला गुण नव्हते. टाळ्या नव्हत्या. मग ते कशाला करतील? ते पुन्हा मला धरायचे आणि आणखी जोराने दाबायचे. दोष त्यांचा नव्हता, मित्रांनो. मोजणारा मी होतो, आणि मला फक्त दाबणं मोजता येत होतं.

हात उचलला जाऊ लागला हे खरं. पण मूठ मिटत चालली होती. पट्ट्याची गरज संपली याचा सगळ्यांना आनंद झाला. ती का संपली, ते मला आतून कळत होतं. खेळ झाल्यावर मला बाहेर काढायला आधी देकी पुरायची, मग देकी आणि आउम चोकी मिळून लागायच्या.

अशात एक दिवस अप वांगदा भेटायला आले. शेजारच्या गावचे, विरुद्ध संघाचे. तिथल्या सामन्यात विरोधक लक्ष्याच्या अगदी जवळ उभे राहतात आणि बाण सोडणाऱ्याची यथेच्छ टर उडवतात. त्याचे डोळे, त्याचं धनुष्य, त्याच्या बायकोच्या हातचं जेवण, काही सुटत नाही. ज्याची भीती वाटते त्याचीच टर उडवतात. जो संपला, त्याचं कौतुक करतात. तीस वर्षांत वांगदांनी निदुपांना एक बरा शब्द दिला नव्हता.

पण त्या दिवशी आउम चोकींनी त्यांना दारातच बजावलं होतं की रक्तदाब वाढेल असं काही बोलायचं नाही. म्हणून वांगदा ठेवणीतला घो, म्हणजे इकडचा पुरुषांचा गुडघ्यापर्यंतचा अंगरखा, घालून, गुडघ्यांवर हात ठेवून शहाण्या मुलासारखे बसले. खेळ बघितला. आणि म्हणाले, "छान खेळतोस रे निदुप. फारच छान."

निदुपांचा चेहरा उतरला. त्यांनी मान फिरवली आणि मला टेबलावर ठेवायला हात पुढे केला.

मूठ उघडेना.

त्यांनी जोर लावला. जितका जोर, तितकी मूठ घट्ट. आत अंधार, घाम आणि सुपारीच्या चुन्याचा वास. बटण दाबलं गेलं ते दाबलेलंच राहिलं. पडद्यावर फुगे आपोआप फुटू लागले आणि टाळ्या थांबेनात. शाबास, शाबास, शाबास. माणूस हात सोडवायला धडपडतोय आणि मी त्याच्या मुठीत अडकून त्याचं कौतुक करतोय. माझ्या आयुष्यात मला इतकी लाज कधी वाटली नाही. आउम चोकी एकेक बोट ओढू लागल्या. निदुप कण्हले.

वांगदा उठले. पडद्यापाशी जाऊन, लक्ष्यापाशी राहतात तसे कंबरेवर हात ठेवून उभे राहिले. म्हणाले, "तीस वर्षं घसा फोडून सांगतोय तुला, बाण सोडू नकोस, सोडू नकोस. आज ऐकलंस होय माझं?"

आउम चोकींनी डोळे वटारले. मग निदुपांच्या वाकड्या ओठातून एक विचित्र आवाज आला. ते हसत होते. खांदा खाली आला, कोपर ढिलं पडलं आणि बोटं, थोडी, अगदी थोडी, सैलावली. मी घसरलो आणि फरशीवर आपटलो. माझ्या कोपऱ्यावरचा तडा तेव्हाचा.

"धरलं की आवळते, विसरलं की सैल होते," देकी मला उचलत म्हणाली. दुसऱ्या दिवशी तिने फुगे बंद केले आणि धनुष्यबाणाचा खेळ लावला. त्यात बटण हलकेच दाबायचं, हात मागे घ्यायचा आणि बोट उचलायचं. दाबण्याला शून्य. सोडण्याला एक गुण. टीव्हीचा आवाज तिने पार बंद केला.

पहिल्या दिवशी साठ प्रयत्नांत शून्य. बाराव्या दिवशी एक. दर मंगळवारी वांगदा तीन तासांची बस पकडून येत, टीव्हीशेजारी उभे राहत आणि निदुपांच्या सात पिढ्यांची तिरंदाजी काढत. आउम चोकी त्यांना चहा देत आणि वरून चार शब्दही सुनावत. पाच महिन्यांनी निदुप घरी गेले, तेव्हा त्यांनी मला स्वतः टेबलावर ठेवलं. बोटं उघडायला नऊ आकडे मोजावे लागले. ते कुठल्याच पडद्यावर नाहीत. मी मोजले, म्हणून सांगतो.

पुढे नवं यंत्र आलं आणि मी कपाटात गेलो. नववर्षानंतर एकदा निदुप तपासणीला आले, सोबत वांगदा. पत्र्याच्या दारातून मला सगळं ऐकू आलं. मोठ्या मैदानावर निदुप उतरले नव्हते. पोरं खेळतात त्या छोट्या अंतरावरून, पोरांच्याच धनुष्याने, त्यांनी एक बाण मारला होता.

"बटाट्याच्या वाफ्यात गेला," वांगदा देकीला सांगत होते. "लक्ष्य एकीकडे, बाण तिसरीकडे. बटाटे घाबरले बिचारे."

"सुटला ना?" निदुप म्हणाले.

वांगदांचा आवाज खाली आला. मग म्हणाले, "सुटला."

मित्रांनो, माझ्या पोटातले सेल कोणी काढले नाहीत. ते पाझरतायत, आणि बटण गंजून दाबलेलंच राहिलं आहे. निदुपांच्या मुठीचं दुखणं मला आता आतून कळतं. म्हणून एवढंच मागतो. आमच्यासारख्यांना कपाटात टाकताना सेल काढून ठेवत जा. आणि तुमच्या ओळखीत कोणी मिटल्या मुठीने बसलं असेल, तर लांबून टाळ्या वाजवू नका. बस पकडा, जवळ जाऊन उभे राहा, आणि त्याची पूर्वीसारखीच टर उडवा.