प्रोकोपीचं झाड

जंगलातली आग विझली त्याच संध्याकाळी प्रोकोपी भिंतीकडे तोंड करून निजला आणि जेवायचं नाही म्हणाला.

"पोट बिघडलंय का, बाबा?" त्याच्या लेकीने, कुन्नेइने विचारलं.

"पोटाला काय धाड भरलीय! झाड गेलं. झाड गेलं की माणूस जातो. रीत आहे ती, पोरी. पडदा ओढ."

रीत खरी होती. त्यांच्याकडे मुलगा झाला की बाप जंगलात जायचा, लार्चच्या एका कोवळ्या झाडाला घोडीच्या आयाळीचे पांढरे केस बांधायचा, आणि झाड कुठलं ते मुलगा मोठा झाल्यावर फक्त त्याच्या कानात सांगायचा. मुलींना झाड नाही. मुलींनी आपलं झाडाशिवायच जगायचं. झाड लपवायचं अशासाठी, की वैऱ्याने त्यावर कुऱ्हाड चालवू नये.

पण गावापासून काय लपतं? प्रोकोपी अठ्ठ्याहत्तर वर्षांचा झाला होता, आणि दर उन्हाळ्याच्या सुरुवातीला घावनं आणि घोडीच्या आंबवलेल्या दुधाचं कुमिस घेऊन टेकाडावरच्या थोरल्या लार्चकडे जायचा. दोघांच्या कवेत न मावणारं झाड. त्याचं म्हणजे तेच, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. तो लार्च आता, ऐन जुलैतल्या उन्हाळ्यात, आगीने होरपळून बुंध्यापासून शेंड्यापर्यंत तपकिरी उभा होता.

शेजारची मात्र्योना दुधाचं भांडं घेऊन आली ती दारातूनच सुरू झाली. "माझ्या सासऱ्यांचंही अस्संच झालं होतं. झाडावर वीज पडली, पंधरा दिवसांत सासरे गेले. मयताच्या पेटीच्या फळ्या बघून ठेव गं, ऐन वेळी धावपळ नको."

"मावशी, दूध ठेवा आणि घरी जा."

कुन्नेइ अठरा वर्षं वनखात्याच्या चौकीवर होती, आणि तिला मावशीच्या सासऱ्यांपेक्षा लार्चची जास्त माहिती होती. पाइन आणि स्प्रूस ही झाडं आपली पानं वर्षानुवर्षं जपतात. ती होरपळली की बहुतेक संपलीच. लार्चचं तसं नाही. तो दर शरदात सगळी पानं टाकून देतो, आठ महिने हाडं गोठवणाऱ्या थंडीत उघडा राहतो आणि पुढची शिदोरी खोडात, मुळांत ठेवतो. उघडं पडायची त्याला सवयच असते. फांदीवरच्या बारीक गाठींमधले डोळे जगले असतील, तर तो त्याच उन्हाळ्यात दुसऱ्यांदा फुटतो. फक्त मुळं वाचायला हवीत. खाली जमीन बाराही महिने गोठलेली, त्यामुळे मुळं वीतभर खोलीवरच पसरलेली असतात, आणि वरचं शेवाळ धुमसलं की ती भाजून निघतात.

तिने टेकाडावर जाऊन चाकूच्या टोकाने साल खरवडली. आत ओल होती. म्हणजे अजून जीव होता, पण मुळांचं काहीच नक्की नव्हतं.

"तीन आठवडे थांबा, बाबा," ती घरी येऊन म्हणाली. "फुटेल ते."

दिवसाकाठी दूध घातलेल्या चहाचे चार घोट, एवढ्यावर प्रोकोपी राहिला. पाचव्या दिवशी त्याची गालफडं बसली. आठव्या दिवशी तिने मासे उकडून पुढ्यात ठेवले, पाया पडली, शेवटी भांडलीही. म्हातारा भिंतच बघत राहिला. मेलेलं बरं, पण याची समजूत घालणं नको, असं तिच्या मनात आलं आणि लगेच स्वतःचीच लाज वाटली.

नवव्या दिवशी हातांना काम हवं म्हणून तिने पेट्रोलवरची करवत साफ करायला घेतली. चेनवरचं झाकण काढलं, तर आत तेल आणि भुशाच्या चिखलात पांढरे केस गुंडाळलेले होते.

तिला तो दिवस आठवला. आग तळ्याकाठच्या गावाकडे येत होती, आणि ती अडवायला कुन्नेइच्या हुकमावरून अख्खं गाव वीस पावलं रुंद पट्टा मोकळा करत होतं. मनगटाएवढे वेडेवाकडे लार्च ती गवतासारखे कापत सुटली होती. एका झाडात चेन अडकली, पांढरं काहीतरी बाहेर आलं. सोबतचा उयगुलान ओरडला होता, "तुमच्या खात्याचीच दोरी असणार, ताई! कामात खोडा घालायला दुसरं कोण येणार?" ती हसली, शिवी हासडली आणि करवत रेटली. पाच पावलांवर पाठीला पाण्याची पिशवी लावलेला प्रोकोपी मटकन खाली बसला होता. "डोळ्यांत धूर गेला," म्हणाला. कोणाला बघायला सवड होती?

ती तशीच पट्ट्याकडे गेली. खुंट शोधायला तासभर लागला. मनगटाएवढ्या त्या लाकडात आत, जवळजवळ गाभ्यालगत, केसांची गाठ झाडाने गिळून टाकली होती. खिशातलं भिंग लावून ती गाठीपासून सालीपर्यंतची वर्षं मोजायला लागली. वळी केसाएवढी बारीक होती, दोनदा चुकली, पुन्हा मोजली. अठ्ठ्याहत्तर भरली.

या मातीत झाड अंगाने वाढत नाही, हे ती नव्या पोरांना दर वर्षी शिकवायची. तरी तिने जाडी बघून वय ठरवलं होतं. तोडलेला लार्च खुंटातून पुन्हा फुटत नाही, हेही तीच शिकवायची.

थोरलं झाड म्हणजे गावाच्या डोळ्यांत धूळ होती. आणि म्हातारा पाच पावलांवर होता. 'ते नको' एवढं म्हटलं असतं तरी तिने करवत थांबवली असती. आग अंगावर आलेली, मागे चाळीस घरं. तो काही बोलला नव्हता. ती खुंटाजवळ बसून रडली.

सांगायचं कसं? बाबा, मीच कापलं? मग तो मेलाच असता, वर तिचं दुःख उशाशी घेऊन. आता तिच्याकडे त्याला द्यायला एकच गोष्ट होती, ते थोरलं, त्याचं नसलेलं झाड. तेही फुटलं तर. दहाव्या दिवशी ती पहाटे टेकाडावर गेली आणि दुपारी पुन्हा गेली. फांद्या तशाच. अकराव्या दिवशी मुळाशी शेवाळ उकरलं, ते काळं निघालं. घरी प्रोकोपीने चहासुद्धा नको म्हटलं.

बाराव्या दिवशी दक्षिणेकडच्या एका फांदीवर, तपकिरी गाठीतून, दाढीच्या ब्रशाएवढा हिरवा झुपका बाहेर आला होता. मग दुसरा दिसला. वर बघितलं तर सात-आठ.

तिने फोनवर फोटो काढला आणि धावत घरी आली. "बाबा, बघा! तुमचं झाड फुटलं!"

प्रोकोपीने मान वळवली. फोटोकडे थोडा वेळ आणि तिच्या तोंडाकडे बराच वेळ बघितलं. आपण पुन्हा भिंतीकडे वळलो, तर हे आपलं झाड नव्हतंच ते पोरीला कळणार, हे त्याच्या ध्यानात येत असलेलं तिला दिसत होतं.

"माझंच हे, कोण म्हणतं?" त्याने हळूच विचारलं.

"अख्खं गाव म्हणतं. गाव खोटं बोलेल होय?"

म्हाताऱ्याच्या घशातून खोकला आला की हसू, सांगणं कठीण. तो कोपरावर रेलून उठायला लागला, तिने पाठीला हात दिला. पाठीत नुसती हाडं होती.

"करवत साफ केलीस?" त्याने विचारलं.

"केली, बाबा."

"सगळं निघालं?"

"निघालं," ती म्हणाली.

त्याने तिच्या मनगटावर हात ठेवला आणि तसाच राहू दिला. मग म्हणाला, "माशांचा रस्सा आण. आणि रविवारी घावनांचं पीठ भिजव. त्या थोरल्याकडे जाऊन येऊ, तूही चल."