एकच मानावेत

ऐन मतदानाच्या आधी केरी गावातली वीज गेली. पडद्यावरचे देशोदेशीचे चेहरे एकदम गायब झाले आणि सिद्धी ताडकन उठली.

"बाबा, तुमचा मोबाइल! लवकर!"

कृष्णनाथांनी जन्मभर बस चालवली होती. वळणावर गडबडायचं नाही हे त्यांना ठाऊक होतं. खुर्ची जनेलाशी ओढून ते वर चढले आणि मोबाइल खिडकीच्या गजांपाशी उंच धरला. त्या घरात रेंज यायची ती तिथेच.

"हय येता. तू बोल गो बाय, मी धरतंय."

लॅपटॉप बॅटरीवर चालू होता. मोबाइलच्या इंटरनेटवर चेहरे परत उमटले.

सिद्धी घरी बसून एका कंपनीचा कंपायलर सांभाळायची. म्हणजे माणसाने लिहिलेला प्रोग्रॅम यंत्राला समजावणारा दुभाषी. त्या प्रोग्रॅमिंग भाषेचं मानक, तिचं नियमांचं पुस्तक, ठरवणाऱ्या समितीवरही ती होती. आणि एका नियमाने तिला छळलं होतं. दिवस, महिना, वर्ष एकत्र बांधून कुणी 'तारीख' नावाचा प्रकार केला आणि तो दोन वेगळ्या फाइलींत लिहिला, तर भाषा दोन्ही एकच मानायची. पण एकाच फाइलीत तो अक्षरशः तसाच दोनदा आला की दुसरा परका! हे पहिल्यांदा ऐकून कृष्णनाथ खो खो हसले होते. "म्हणजे गावभर वळखतत आणि घरात नाय?"

दुरुस्तीचा तिचा मसुदा दोनदा परत आला होता. आज तिसरी खेप.

"पहिला भाग मान्य," नॉर्वेचे ज्येष्ठ सभासद हेन्रिक म्हणाले. "दुसरा नाही."

पहिला भाग 'तारीख'सारख्या नाव असलेल्या प्रकारांचा होता, दुसरा नावच नसलेल्या प्रकारांचा. आकार, म्हणजे आतली मांडणी, सारखा असेल तर तेही एकच मानावेत. सिद्धी सगळ्यात जास्त खपली होती ती त्याच्यावरच.

"एकाने नकाशावरची जागा ठेवायला क्ष आणि य घेतले," हेन्रिक म्हणाले, "दुसऱ्याने आलेखावरचा बिंदू ठेवायला. दोघांनीही नाव दिलं नाही. आकार सारखा, म्हणून अर्थही सारखा?"

तिने कंपायलर बदलून हजारो प्रोग्रॅम चालवून पाहिले होते. काही मोडलं नव्हतं. तेच ती सांगणार होती. पण मोडलं नाही म्हणजे बरोबर आहे, असं थोडंच?

"बाय, हात दुखाक लागलो."

"थोडंच राहिलंय, बाबा." मग ती पडद्याकडे वळली. "हेन्रिक, तुमचं बरोबर आहे. दुसरा भाग मी मागे घेते. पहिल्यावर मत घ्या."

विरोधात एकही मत पडलं नाही. "तुमच्याशी भांडायला मजा आली," हेन्रिक म्हणाले, आणि सगळे हसले. सिद्धी सगळ्यांत मोठ्याने.

कृष्णनाथ हात चोळत खाली उतरले. "पुस्तकात तुझा नाव खय येतला?"

"नाव नसतं, बाबा. नुसतं वाक्य."

आई, सुशीला, मेणबत्ती घेऊन आली. "काय झाला?"

"सिद्धीचा वाक्य पास झाला."

"एकच?"

"एकच. पण जगभर चलतला!"

"मगे शिरो करतंय," म्हणत ती वळली.

सिद्धीने मसुद्यातला दुसरा भाग उघडला. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत एकदा सावकाश वाचला. मग पुसला, आणि रवा भाजल्याचा वास येत होता तिकडे गेली.