सातव्या वळणावरचा बांध

डोंगरावरची ती पायवाट जुनी, खेचरांच्या काळातली. चुना-सिमेंट काही न लावता, नुसता दगडावर दगड बसवून बांधलेली. ती दुरुस्त करणाऱ्या टोळीत दोघं भावंडं गवंडी होती. पावसाळा सरता सरता सातव्या वळणावर वाटेला दरीकडून तोलून धरणारा बांध सुटला आणि भाऊ त्याच्याबरोबर खाली गेला. बहीण वीस पावलांवर दगड फोडत बसली होती.

दोन आठवड्यांनी ती कामावर आली. मुकादम भला माणूस; खालच्या पायऱ्या कर म्हणाला. तिने सातवं वळणच मागून घेतलं. तिथे उभं राहिलं की रडू फुटेल असं तिला वाटलं होतं. फुटलं नाही. बांधामागे मुरणारं पाणी काढायला तिने आधी चर खणला, मग पायाचे दगड उकरून पुन्हा बसवले. घरी जाऊन जेवायची, झोपायची. लोक म्हणत, बाईचं काळीज दगडाचं आहे. भाऊ असता तर म्हणाला असता, आपल्या धंद्यात ते बरंच.

नवव्या दिवशी वहिनी धापा टाकत वर आली. अर्धवट बांधाकडे बघत तिने विचारलं, "इथूनच?"

"हो."

"तू पाहिलंस?"

"आवाज ऐकला. वाटलं, नुसते दगडच गेले. हातातला दगड फोडून संपवला, मग उठले."

हे तिने कोणालाच सांगितलं नव्हतं. वहिनी बोल लावेल असं तिला वाटलं; लावले असते तरी चाललं असतं. वहिनीने एवढंच विचारलं, की लगेच उठली असतीस तर तो वाचला असता का. डॉक्टर नाही म्हणाले होते, ते तिने सांगितलं. वहिनी दरीकडे तोंड करून खाली बसली.

"मला काय करता येईल?"

बांधाच्या पोटात भरायला दगडाच्या कपच्या लागतात. तिने टोपलं पुढे सरकवलं. कपच्या वेचून भरताना वहिनीचं बोट चेंगरलं, तिने ते तोंडात धरलं आणि पुन्हा कामाला लागली. दुसऱ्या दिवशीही आली.

महिनाअखेर बांध पुरा झाला. मुकादमाने वर चढून उड्या मारून पाहिल्या. दगड हलला नाही. वाट खुली झाली. माणसं काठ्या टेकत, गप्पा मारत वळणावरून पुढे जातात. मुकादमाने वहिनीलाही टोळीत घेतलं. दोघी सध्या अकराव्या वळणावर असतात. तिथला चर गाळाने तुंबला आहे.